जिंकण्याआधीचं ओवाळणं

आमच्या बसवनगुडीच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. हे मी अजूनही ताठ मानेनं सांगते. पण नव्वदच्या दशकातल्या त्या वर्षी गल्लीला माझ्या बी.कॉम.शी काही देणंघेणं नव्हतं. मी आठशे मीटर पळायचे. विद्यापीठाच्या स्पर्धेत पहिली आले आणि एका सांजदैनिकानं ‘शिंप्याची हरिणी’ असं छापलं. मग रोज काहीतरी यायचं. मी सकाळी काय खाते, अनवाणी कशी पळते. अनवाणी मी कधीच पळले नव्हते. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सगळी कात्रणं शिलाईच्या दुकानातल्या आरशाभोवती चिकटवली.

राज्यस्पर्धेच्या अंतिम शर्यतीच्या सकाळी त्या दैनिकाचा फोटोग्राफर घरी आला.

“ओवाळतानाचा फोटो पाहिजे. संध्याकाळी वेळ नसतो. निकाल आला की खाली ओळ टाकतो.”

“अजून पळायचीय ती,” आई म्हणाली. “आधीच कसं ओवाळायचं?”

“पेपरवाले परत येतात का, अगं? ताट आण तू,” अण्णा म्हणाले.

विद्यापीठाचं पदक, अक्षरं दिसू नयेत म्हणून उलटं करून, माझ्या गळ्यात घातलं. आईनं खाली बघतच कुंकू लावलं. “स्वल्प नगम्मा, जरा हस,” फोटोग्राफर म्हणाला. मी हसले. दारात जमलेल्या शेजारच्या अक्कांनी टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी मी दुसरी आले. शेवटच्या वळणावर मंगळूरची एक उंच मुलगी बाजूनं निघून गेली. खरं तर इतक्या वेगात मी आधी कधीच पळले नव्हते. पळण्याचा सराव घेणाऱ्या सरांनी पाठही थोपटली. पण दुसऱ्या दिवशी पेपरात दोनच शब्द यायचे होते: ‘हरिणी थकली.’

घरी पोचले तेव्हा आई ताट घेऊन उंबऱ्याशी आली होती. अण्णा खुर्चीतूनच म्हणाले, “सकाळी ओवाळलंय की.”

आई ताटासकट आत वळली. मी चपला काढत कितीतरी वेळ वाकूनच राहिले. चांदीचं पदक पिशवीतून काढलंच नाही.

तो फोटो पेपरात आला नाही. पण फोटोग्राफरनं त्याची मोठी प्रत अण्णांना दिली आणि ती फ्रेम होऊन दुकानात गल्ल्याच्या वर लागली. गिऱ्हाईक विचारायचं, “अण्णा, पोरगी राज्यात पहिली का?” अण्णा सुईत दोरा ओवत मान हलवायचे. त्यातून हो की नाही ते कळायचं नाही. मी दुकानावरून जायचंच सोडलं. देवळाच्या मागून लांबचा रस्ता धरायचे.

बी.कॉम.चा निकाल लागला त्या दिवशी मात्र पेढे घेऊन थेट दुकानात गेले. एक गृहस्थ सफारीचं माप देत उभे होते.

“हीच का हो चॅम्पियन?”

“हीच,” अण्णा म्हणाले. “आणि आता बी.कॉम.पण झाली.”

त्या एका वाक्यानं माझी खरी पदवी त्या खोट्या फोटोच्या शेजारी जाऊन बसली. ते मला सहन होईना.

“मी दुसरी आले होते,” मी म्हणाले. “हा फोटो पळायच्या आधीचा आहे.”

गृहस्थांनी फोटोकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “दुसरी म्हणजे काय कमी झालं का?” ते सहज म्हणाले. आमच्या घरात हे कुणीच बोलून दाखवलं नव्हतं.

अण्णांची टेप गृहस्थांच्या छातीवरच थांबली. त्यांनी माप पुटपुटलं, मग पुन्हा घेतलं. त्यांचे कान लाल झाले होते. खरं बोलल्यावर हलकं वाटेल असं मला वाटलं होतं. पण परक्या माणसासमोर बापाची मान खाली गेली होती, आणि मी हातात उघडा पेढ्यांचा बॉक्स धरून उभी. कुठं बघावं कळेना.

गिऱ्हाईक गेल्यावर अण्णांनी स्टूल ओढलं आणि फोटो उतरवला. “आईकडे दे,” म्हणाले. “ती नकोच म्हणत होती.”

मग त्यांनी पेढा उचलला. “कॉलेजात कितवी...” म्हणता म्हणता थांबले, आणि पेढा तोंडात टाकला.