खिळ्याला न गुंडाळलेली तार

सदूदादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी आसनगाव स्टेशनवर होतो. "भावोजी, तुमचे दादा नाय राहिले..." वहिनी एवढंच म्हणाली. त्या क्षणी मला पहिल्यांदा जे वाटलं ते लिहायला लाज वाटते. वाटलं, आता माझं खोटं गावाला कळायची भीती संपली.

दादा माझा सख्खा थोरला भाऊ. शेणव्याला रस्त्यालगतच्या खोलीत त्यानं वर्षानुवर्षं पाण्याच्या मोटारी भरल्या. जळलेली तार उपसायची, तेवढेच वेढे मोजून नवी तांब्याची तार भरायची. तारेबाबत तो फार चिकित्सक. जाडी मापून घ्यायचाच, शिवाय रिळातली वीतभर तार खिळ्याभोवती गच्च गुंडाळून ताणायचा आणि उजेडात धरायचा. वरचा लेप कुठे तडकला की रीळ परत. "तांबं खरं असतंय रे, लेपच फसवतो," म्हणायचा. दुकानदार वैतागायचे. दादा हलायचा नाही.

पाच वर्षांपूर्वी ऐन मे महिन्यात गावच्या नळाची मोटार जळली. पाड्यावरच्या बाया ओढ्यातले झरे उपसत होत्या. मी कल्याणला नोकरीला, म्हणून तार मी आणायची ठरली. नेहमीचं दुकान बंद होतं. शेजारच्या दुकानातून रीळ घेतलं आणि गाडी गाठायला पळालो. दादानं दिलेला खिळा खिशातच राहिला.

"गुंडाळून बगितलीस ना?" दादानं विचारलं.

"हो."

बाहेर सरपंच ताटकळत होते. दादानं माझ्या शब्दावर मोटार भरली. आठ दिवसांत ती पुन्हा जळली. खोलून पाहिली तर न तापलेल्या वेढ्यांवरचाही लेप नखानं सुटत होता. जुन्या तारेवर नवा मुलामा चढवून विकलेला माल. दादानं तारेचा एक तुकडा माझ्यासमोर धरला, माझ्याकडे पाहिलं, आणि खाली ठेवला.

गाव बोललं. चावडीवर त्याला तोंडावर चोर म्हणाले, हलकी तार घालून गावाला फसवलं म्हणाले. मी तिथेच, भिंतीला टेकून उभा होतो. दादा म्हणाला, "तार माझ्या हातनं भरली, चूक माझी." स्वतः कल्याणला जाऊन त्यानं चांगली तार आणली आणि मोटार फुकट भरून दिली. त्यानंतर लोक आपल्या मोटारी मुरबाडला नेऊ लागले. वर्षभरात खोली बंद झाली. तारेचा एकेक वेढा मोजणारा माणूस कारखान्याच्या गेटवर रखवालदार झाला. मला तो कधीच काही बोलला नाही... बोलला असता तर बरं झालं असतं.

दहाव्याला सरपंचांनी "असा प्रामाणिक कारागीर होणे नाही" म्हणून भाषण केलं. तेव्हाही मी बसूनच राहिलो. घरी येऊन वहिनीला सगळं सांगितलं आणि म्हणालो, पेपरात लिहितो. ती भांडी घासत होती. मान वर न करता म्हणाली, "त्यांना चोर म्हणणारे पेपर वाचतात का, भावोजी?"

काल सकाळी टाकीवर गेलो. नळाला रांग होती. सगळ्यांसमोर सांगितलं, तार मी आणली होती, न तपासता, आणि खोटं मी बोललो होतो. एका म्हातारीनं हंडा खाली ठेवला.

"तो जिता होता तवा कुठं गेला होतास रे?"

मागे विहिरीवर मोटार चालू होती. दादानं भरलेली. पाच वर्षांत ती एकदाही बंद पडलेली नाही.