आंबवलेलं तांदळाचं पाणी

चंद्रपूरकडच्या मूल गावातल्या एका बंद पडलेल्या राईस मिलमध्ये चेहऱ्याला लावायचं पाणी बनवायचं काम निघालं, तेव्हा मी आणि माझी थोरली जाऊ दोघीही तिथं जाऊ लागलो. ड्रममध्ये तांदळाची कणी भिजवायची, तीन-चार दिवस झाकून ठेवायची आणि आंबूस वास सुटला की हातानं कालवून गाळायची. महिनाभरात आमचे हात मऊ पडले. जाऊ कौतुकानं आपली बोटं मला दाखवायची.

मग हे काम चालवणाऱ्या मॅडम शहरातून आल्या. त्यांनी पांढऱ्या भुकटीची पाकिटं आणली होती. त्यांवर काहीच छापलेलं नव्हतं.

"हे काय आहे मॅडम?" मी विचारलं.

"पाणी टिकावं म्हणून. एका ड्रमला एक पाकीट टाकायचं," त्या म्हणाल्या. हातमोजे घालून त्यांनी एक पाकीट फोडून दाखवलं. आमच्यासाठी हातमोजे आणले नव्हते.

भुकटी कालवायचं काम जाऊकडे आलं. दिवाळीनंतर तिच्या अंगठ्यापाशी मुगाएवढा पांढरा ठिपका दिसला. पीठ लागलं असेल म्हणून मी पदरानं पुसला. तो निघाला नाही. पंधरा दिवसांत चार बोटांवर तसेच डाग उठले.

"बाई, काम सोडा," मी म्हणाले.

"सोडलं तर लोक इचारतीन, काऊन सोडलं. लग्नाची पोरगी हाय घरी. कोड म्हनतीन. तू कोनाले सांगू नोको."

दुसऱ्या दिवशी मी कामावर सगळ्यांचे हात पाहिले. समोरची बाई एका हातानं गाळत होती, दुसरा तिनं पदराखाली धरला होता. पलीकडचीनंही. माझी नजर जाताच दोघींनी मान खाली घातली.

मी एक पाकीट लपवून घेतलं आणि जाऊला चंद्रपूरला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तिची बोटं उजेडात धरली, पाकीट उलटसुलट करून पाहिलं.

"काम आजच बंद करा. रंग परत येईलही, न येईलही. हे पाणी चेहऱ्याला कोण लावतं?"

मला माहीत नव्हतं. जाऊनं बोटं पदराखाली ओढून घेतली.

"माही पोरगी. गोरी दिसन म्हून मीच नेऊन देत होती."

घरी येताच तिनं त्या पाण्याच्या उरलेल्या बाटल्या उकिरड्यावर रिकाम्या केल्या. मी कामावरच्या बायकांना डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं. त्यांतल्या दोघी काम सोडून घरी बसल्या, मॅडमनी दुसऱ्या गावातून दोघी आणल्या.

आता जाऊ रोज सकाळी पोरीला अंगणात उभी करते, हनुवटी धरून तिचा चेहरा उन्हाकडे वळवते. पोरगी विचारते, "काय पाह्यतेस माय?"

"काई नाई," ती म्हणते, आणि पाहत राहते.