काकीच्या बाजूची जागा

काकी उन्हाळ्यात गेली. नात्यातली नव्हे, शेजारची. पण गोंदियाच्या बाजारात हिंदी बोलत वाढलेली मी कामठ्याकडच्या गावात सून म्हणून आले, तेव्हा चिखलात उभं राहायला तिनेच शिकवलं. गावातल्या बायांची रोवणीची, भातलावणीची टोळी ती चालवायची. कुणाच्या बांधीत, कुणाच्या खाचरात आधी जायचं, कुणी कुणाशेजारी उभं राहायचं, सगळं तीच ठरवायची. ती गेली त्या दिवशी बाया रडत होत्या आणि मी सगळ्यांसाठी चहा करत होते. मला काहीच होत नव्हतं.

आखाडात शेतमालकाचा फोन मला आला. टोळी आणता का? मी हो म्हटलं, कारण नाही म्हणायलाही काहीतरी वाटावं लागतं. बायांनी आधीच सांगून ठेवलं होतं, तू चालवशील तर राहू, नाही तर दवनीवाड्याच्या टोळीत जाऊ. जायचं तर जा, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं.

रोवणी मागे सरकत करायची असते. बाया ओळीने वाकतात, प्रत्येकीने आपल्या पुढ्यातली रुंदी धानाच्या रोपांनी भरायची आणि पाऊल मागे घ्यायचं. काकी कायम माझ्या डावीकडे. पहिल्या वर्षी म्हणाली होती, "माह्याजवर रायजो. आपल्या हाताकडेच पायजो." तेव्हापासून मी हाताकडेच पाहते.

यंदा काकीशिवायच्या पहिल्या दिवशी कुणीच मान वर केली नाही. एरवी आमच्या बायांची तोंडं हातांपेक्षा जोरात चालतात, त्या दिवशी नुसता पाण्याचा आवाज. बांधी संपवून कडेच्या धुऱ्यावर चढलो तर मालक ओरडला, "मंधात कायले सोडलं वो? कोनासाठी जागा ठेवून रायल्या?"

बांधीच्या मधोमध, या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत, पाण्याचा कोरा पट्टा होता. कुणी सरकून ओळ जुळवलीच नव्हती. एकीने पदर तोंडाला लावला. मला मात्र मालकाचा राग आला, तेवढाच. "भरून देतो न जी," म्हणत मी रोपांच्या जुड्या घेऊन एकटीच उतरले.

लावता लावता लक्षात आलं, पट्टा एका बाईच्या वाट्याहून रुंद आहे. माझ्या वाट्यातली, कडेची दोन रोपांची जागाही कोरी होती. म्हणजे ती मीच सोडली होती. नवी होते तेव्हा माझा हात कडेपर्यंत पोचायचा नाही, म्हणून तेवढी दोन रोपं काकी आपल्या हाताने लावून टाकायची. पुढे मी शिकले, हात बसला, माझ्या लेकीचं लग्नही झालं, तरी ती लावतच राहिली. कधी बोलली नाही. आणि मी समजत होते, मी तिच्या बरोबरीने चालते.

तिथेच, चिखलात वाकलेली असताना, मला रडू फुटलं. चांगलं मोठ्याने. मग धुऱ्यावरच्या बायांतली एक म्हणाली, "उद्या कोनाच्या बांधीत जायाचं, ते सांग."

मी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी गावात नव्याने आलेली एक सून टोळीत आली. बिचारीला पाय कुठे ठेवावा तेही कळत नव्हतं. मी तिला माझ्या बाजूला घेतलं आणि म्हटलं, "हाताकडेच पायजो." तिच्या कडेची दोन रोपं राहून जात होती. ती मी लावत गेले. ती आपल्या हाताकडे पाहत होती, तिला काही दिसलं नाही.