न विचारता काढलेलं चित्र

ती मला स्पष्ट म्हणाली होती, "मला काढू नको." मी हो म्हटलं, वही मिटली आणि तिच्याशेजारी बसून सुकट निवडायला लागले.

हे कोकणातल्या एका कोळीवाड्यातलं. चित्रकलेच्या कॉलेजात माझ्यासोबत शिकलेली एक मैत्रीण तिथली होती. मला भंडारा जिल्ह्यातल्या अड्याळच्या शाळेत चित्रकला शिकवायची नोकरी लागली, त्या पहिल्याच उन्हाळ्याच्या सुटीत मी तिच्या घरी महिनाभर राहिले. तोवर मी समुद्र पाहिलेला नव्हता. आमच्याकडे पाणी म्हणजे तलाव, नाहीतर वैनगंगा. होड्या, जाळी, बांबूवर टांगलेले बोंबील, दिसेल ते काढत सुटले. फक्त मैत्रिणीच्या वहिनीला काढलं नाही. तिचा नवरा आदल्या हंगामात होडीसकट गेला होता. सापडला नव्हता. ती रोज किनाऱ्यावर बसलेली असायची.

अड्याळला परतल्यावर मी तिला आठवणीतून काढलं. शब्द दिला तो वहीपुरता, अशी मी माझी समजूत घातली. चार फुटांचा कॅनव्हास. वाळूत बसलेली बाई, डोळ्यांवर आडवा हात, नजर समुद्राकडे. इतकं चांगलं चित्र माझ्या हातून त्याआधी झालं नव्हतं, आणि ते मला कळत होतं.

भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि तिकडचे चित्रकार तिकडचे झाले. भंडाऱ्यात प्रदर्शन म्हटलं की लोकांना अप्रूप. एका निवृत्त मुख्याध्यापकांनी पुढाकार घेऊन माझ्या चित्रांसाठी सभागृह मिळवलं, निमंत्रणपत्रिका छापल्या. पत्रिकेवर नेमकं तेच चित्र. त्यातली एक मी स्वतः मैत्रिणीला पोस्टानं पाठवली. कौतुक होईल, यापलीकडे माझ्या डोक्यात काही आलंच नाही.

उद्‌घाटनाच्या आदल्या दिवशी शाळेच्या ऑफिसात फोन आला.

"वहिनीनं पत्रिका पाहिली," मैत्रीण म्हणाली. "ती येते म्हणते. आम्ही गाडीला निघालोय."

"रागावल्यात का?"

"काही बोललीच नाही. तेच तर." आणि तिनं फोन ठेवला.

घरी येऊन बाबांना सांगितलं. बाबा तहसील कचेरीत बाबू होते, तेव्हा नुकतेच निवृत्त झालेले.

"तिले विचारलं होतं का तू?"

"ती नाही म्हणाली होती."

"मंग काहून काढलं?"

"चांगलं झालंय ते, बाबा."

"चांगलं झालं म्हून तुह्यं झालं का?"

सकाळी बाबांना सोबत घेऊन लवकरच सभागृहात गेले, चित्र उतरवलं आणि मागच्या खोलीत चादर टाकून ठेवलं. मुख्याध्यापक माझ्यावर तापलेच. "पाहुणे येऊन राहिले, पत्रिकेवर तेच चित्र, अन् भिंत रिकामी? काय सांगू मी लोकांना?"

"माझं नाव सांगा," मी म्हटलं.

फीत कापली, भाषणं झाली. पत्रिकेवरचं चित्र कुठं आहे, असं जो तो विचारत होता. मी काहीतरी पुटपुटत होते आणि नजर दाराकडे.

अकराच्या सुमारास त्या दोघी आल्या. वहिनींच्या हातात घडी घातलेली पत्रिका होती. त्या पहिल्या चित्रापासून एकेक बघत निघाल्या. मी चार पावलं मागे. रिकाम्या खिळ्यापाशी त्या थांबल्या.

"इथं होतं?"

"हो."

"दाखव."

मागच्या खोलीत माझा हात चादरीकडे जाईना. शेवटी बाबांनीच ती काढली. वहिनी जवळ जाऊन बघू लागल्या. बाहेर माईकवर कुणीतरी आभार मानत होतं.

"ही मी नाही," त्या म्हणाल्या. "असा हात मी कधी धरला नाही. तू वाट बघणारी बाई काढलीस. मी वाट बघत नव्हते. तिसऱ्या दिवशीच समजलं होतं मला. मासळी वाळत असायची, कावळे यायचे, म्हणून बसायचे मी तिथं. तू तर शेजारीच होतीस ना?"

ते खरं होतं. कावळे मीही हाकलले होते.

"चुकलं माझं, वहिनी. मी काय करू याचं?"

"लावू नको. कुणाला देऊ नको. आणि मलाही नको. घरी सासू आहे, ती अजून वाट बघते."

मैत्रीण दारातच उभी होती, आत आलीच नाही. "मी तुला घरात घेतलं होतं," एवढंच ती बोलली. बाबांनी दोघींना जेवायचा आग्रह केला. वहिनी दोन घास जेवल्या, मैत्रिणीनं पाणीसुद्धा घेतलं नाही. दुपारच्या एसटीनं त्या नागपूरला परत निघाल्या. स्टँडवर बाबा गेले. मला जाववलं नाही.

प्रदर्शन चार दिवस चाललं. त्या भिंतीवर मी दुसरं काही लावलं नाही. मग घरी येऊन कॅनव्हासला पांढरा रंग दिला. दोन हात दिले तरी आतून आकार दिसत होता. तिसरा दिला.

मैत्रीण सहा-सात महिने बोलली नाही. नंतर बोलू लागली, तेही कामापुरतं. पाच वर्षांनी तिच्या मुलीच्या बारशाला मी पुन्हा तिकडे गेले. पंगतीत वहिनी वाढत होत्या. माझ्या पानाशी आल्या, भात वाढला, "पोटभर जेव" म्हणाल्या आणि पुढे गेल्या. चित्राचा विषय त्यांनी काढला नाही. माझीही हिंमत झाली नाही.