कप्तानाच्या कोटाचा खिसा

टीव्हीवरच्या माणसाचा चेहरा मास्तरांना सगळ्यात शेवटी दिसायचा. आधी खांदे, मग बाही, मग कॉलर, आणि वेळ उरलाच तर नाक-डोळे. आयुष्यभर शिवणकाम केलेल्या माणसाचं दुसरं काय होणार? दुकानात येणारं गिऱ्हाईकही त्यांच्याकडे असंच तुकड्यातुकड्यानं यायचं. ज्याची छाती-कंबर तोंडपाठ आहे त्याचं नाव मात्र आठवत नाही, हे तर रोजचंच.

तर असे हे मास्तर 'लांबचा किनारा' या अंतराळातल्या मालिकेचे निस्सीम भक्त होते. दुकान पुढे आणि घर मागे, मधे फक्त एक पडदा. रविवारी दुपारी शटर अर्ध्यावर ओढलं, गळ्यातली टेप खुंटीला अडकवली आणि पडदा ओलांडला, की मास्तर पृथ्वीवरून निघाले असं समजायचं. सोफ्याच्या डाव्या कोपऱ्यात ते. उजव्या कोपऱ्यात त्यांचे साडू, म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान. हे साडू शहरात बस चालवायचे, म्हणून सगळे त्यांना ड्रायव्हर म्हणत. त्यांची बायकोसुद्धा 'आमचे ड्रायव्हर' असंच म्हणायची. दोघांच्या मधे चहाचा ट्रे. मास्तरांची बायको इस्पितळात नर्स होती. आठवडाभर उभं राहून दुखलेले पाय स्टुलावर टाकून ती खुर्चीत बसे. आणि धाकटी बहीण स्वयंपाकघरात. आपल्याला त्या मालिकेत काडीचाही रस नाही, असं तिचं म्हणणं होतं. फक्त मधून मधून आतून आवाज यायचा, "काय गं ताई, सापडली का ती पोरगी?"

ती पोरगी म्हणजे यानाची चालक. यानाला मालिकेत एक लांबलचक भारदस्त नाव होतं, पण या घरात त्याला 'गाडी' म्हणत. यानावरचा संगणक येता-जाता सल्ले द्यायचा, म्हणून तो 'आजीबाई'. आणि परग्रहावरून आलेला, आतून मंद उजळणारा, पुष्कळ हातांचा जो एक प्राणी होता, तो 'कंदील'.

प्रत्येकाचं मालिकेविषयीचं मत त्याच्या त्याच्या धंद्यातून आलेलं. यानावरचा डॉक्टर रोग्याला हात लावण्याआधी हात धूत नाही, यावरून बायकोनं त्याला पहिल्याच भागात नापास केलं होतं. ड्रायव्हरचं म्हणणं, की या लोकांना गाडी मागे घेताना आरसा बघायची सवय नाही, एक दिवस कुठल्यातरी चंद्राला ठोकणार. मास्तर खलनायक ओळखायचे ते शिलाईवरून. "ज्याच्या बाहीला कोपरावर एकही सुरकुती नाही, त्यानं काम केलेलं नाही," ते म्हणत. "तो आज ना उद्या दगा देणार." आणि खरोखर, बरेचदा तसंच व्हायचं. त्यामुळे मास्तरांचा स्वतःच्या नजरेवर फार विश्वास बसला होता.

कप्तान मात्र ड्रायव्हरचा. बाकी कोणाविषयी काय वाटेल ते बोला, कप्तानाविषयी जपून. यान सुरू करण्याआधी समोरचं पॅनेल तळहातानं हलकेच थोपटायची कप्तानाला सवय होती. ते पाहिलं की ड्रायव्हर मान डोलवायचे. "गाडी कळते त्याला," एवढंच म्हणायचे.

मग मधे ड्रायव्हर आजारी पडले. छातीचं मोठं ऑपरेशन झालं. उठले, पण अंग उतरलं होतं, बोलताना शब्द शोधावा लागायचा, आणि उजवा हात थोडा कापायचा. बस हातची गेली. त्यांना आगारातल्या चौकशीच्या खिडकीशी बसवलं. जुने सोबती येता-जाता हाक मारायचे आणि हसून म्हणायचे, "काय राव, तुम्ही ते जुने राहिलाच नाहीत." ड्रायव्हरही हसायचे. रविवारी मात्र ते वेळेच्या आधी हजर असत.

याच सुमारास मालिकेत तो धुक्याचा भाग आला. एका मेलेल्या ग्रहाभोवतीच्या धुक्यात कप्तान एकटाच यानावरची छोटी होडी घेऊन शिरला आणि हरवला. परत आला तेव्हा गालफडं बसलेली, बोलणं कमी, हुकूम देताना मधेच थांबणारा. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. मास्तरांनी नाही. पुढच्या रविवारी ते सोफ्यावर पुढे सरकून बसले, डोळे बारीक करून त्यांनी पडद्याकडे पाहिलं, आणि एखादी चोरी पकडावी तसं म्हणाले, "हा कप्तान नाही."

"म्हणजे?" बायकोनं विचारलं.

"नक्कल आहे. धुक्यात अदलाबदल झालीय. कोट बघा त्याचा. पुरुषाच्या कोटाला छातीचा खिसा डावीकडे असतो, काजं डाव्या बाजूला, बटणं उजव्या. याचं सगळं उलटं. नक्कल करणाऱ्यानं माणूस हुबेहूब केला, पण शिंप्याला विचारलं नाही."

"मास्तर," ड्रायव्हर म्हणाले, "माणूस मरणाच्या दारातून आलाय, आणि तुम्ही खिसे मोजताय."

मास्तरांना चेव चढला. "खिसेच खरं बोलतात. आणि वागणं बघा ना. पहिला कप्तान एका दमात हुकूम द्यायचा. हा अडखळतो. हात कापतो याचा. जुना माणूस गेला, त्याच्या जागी हे काहीतरी आणून बसवलंय. याला परत त्या खुर्चीवर बसू द्यायलाच नको होतं."

ड्रायव्हरनी कप खाली ठेवला. "निघण्याआधी त्यानं पॅनेल थोपटलं," ते हळू म्हणाले. "पहिल्यासारखंच."

"नक्कल करणाऱ्याला एवढं तर यायलाच हवं," मास्तर हसले.

मालिका संपल्यावर शेवटची धून पूर्ण ऐकल्याशिवाय या घरात कोणी उठत नसे. त्या दिवशी ड्रायव्हर धून सुरू व्हायच्या आतच उठले आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन बायकोला म्हणाले, "चल, निघू या." वाद आपण जिंकला असं मास्तरांना वाटलं.

पुढच्या रविवारी ड्रायव्हर आले नाहीत. फोन केला तर म्हणाले, काम आहे. त्याच्या पुढच्या रविवारीही काम निघालं. सोफ्याचा उजवा कोपरा मोकळा राहिला. मास्तरांनी कंदिलावर एक चांगला विनोद केला, तो कुठे पडला कोणाला कळलं नाही. मग जाहिरात दिसली, की येत्या रविवारी मालिकेचा शेवटचा भाग.

"शेवटच्या भागाला तरी येतील ना गं?" मास्तर दुकानात काजं करता करता म्हणाले. बायको कामावरून नुकतीच आली होती, पडद्याशी चप्पल काढत होती.

"का येतील?"

"अगं, एवढं काय मनाला लावून घ्यायचं. कप्तानाबद्दल तर बोललो."

"हो का." ती चौकटीला टेकली. "अडखळतो, हात कापतो, जुना माणूस राहिला नाही, परत खुर्चीवर बसवायला नको होतं. कप्तानाबद्दल."

मास्तरांची सुई काजात अडकून राहिली. बराच वेळ त्यांनी ती ओढली नाही.

जावं आणि माफी मागावी, हे सरळ होतं. पण काय म्हणून मागायची? मी ते तुमच्याबद्दल म्हणालो नाही, असं सांगायचं, तर ते ड्रायव्हरबद्दलही म्हणता येतं हे आधी तोंडानं कबूल करायचं. मास्तर वाक्य जोडून बघायचे आणि उसवायचे. फोन हातात घ्यायचे आणि परत कपाटावर ठेवायचे. साडूशिवाय आपल्याला दुसरा कोणी मित्र असा नाही, हे इतक्या वर्षांत त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं.

अशात मेहुणी दुकानात आली. हातात घडी केलेला एक कोट. "भाऊजी, हा दोन्ही बाजूंनी आत घ्याल का? आमच्या ड्रायव्हरांच्या अंगावर नुसता लोंबतो. नवा घ्या म्हटलं तर ऐकत नाहीत."

"मी घेऊ का आत, का..." मास्तर चाचरले. "त्यांनी सांगितलंय?"

"त्यांना विचारलंच नाही. विचारलं की नाही म्हणतात, हल्ली कशालाही."

ती गेल्यावर मास्तरांनी कोट टेबलावर पसरला, खडू घेतला, अस्तर उसवायला कात्रीचं टोक आत घातलं आणि थांबले. आतले टाके त्यांचे स्वतःचे होते. आपला टाका माणूस आपल्या अक्षरासारखा ओळखतो.

हा ड्रायव्हरचा लग्नातला कोट. बसच्या समोरच्या काचेतून रोज ऊन येऊन त्याची पुढची बाजू पार विटली होती, तरी टाकायला ते तयार नव्हते. तेव्हा मास्तरांनी तो पलटला होता. म्हणजे अख्खा उसवून, कापडाची आतली कोरी बाजू बाहेर घेऊन पुन्हा शिवला होता. जुन्या काळी असे कितीतरी कोट त्यांनी पलटले. पलटलेला कोट नव्यासारखा दिसतो. फक्त एक गोष्ट होते, त्याच्या डाव्या-उजव्याची अदलाबदल होते. छातीचा खिसा उजवीकडे जातो. काजं उजव्या बाजूला येतात, बटणं डाव्या. पहिले कितीतरी दिवस पेन काढायला ड्रायव्हरचा हात डावीकडे जायचा आणि ते मास्तरांच्या नावानं खडे फोडायचे. मग हाताला सवय झाली.

मास्तर स्टुलावर बसले. कोटाचा उजवीकडचा खिसा त्यांच्यासमोर होता, आणि त्यांच्या मनात कप्तान उभा होता. धुक्यात भटकून आलेला. त्या धुक्यानं कापड खाल्लं असेल, रंग गेला असेल. अशा वेळी अंगावर एकच कोट असलेला शहाणा माणूस काय करील? एवढे कोट पलटणाऱ्याला एवढी साधी गोष्ट सुचू नये? कोट उलटा दिसला आणि त्यांनी थेट माणूसच बदलून टाकला.

शनिवारी संध्याकाळी ते कोट घेऊन साडूंच्या घरी गेले. ड्रायव्हर खिडकीशी बसून बुटांना पॉलिश करत होते.

"या," ते म्हणाले. ब्रश थांबला नाही.

"कोट घालून बघा. कच्चे टाके घातलेत, माप बघायचंय."

"कोणी सांगितलं होतं?" ड्रायव्हरनी आतल्या खोलीकडे एक नजर टाकली. आत भांडी जरा जोरात वाजू लागली. ते उठले, कोट चढवला आणि ताठ उभे राहिले. मास्तर त्यांच्या मागे गेले. पाठीशी बोलणं सोपं असतं.

"खांद्यात ठीक आहे?"

"हं."

"छातीचा खिसा कुठल्या बाजूला आहे?"

"उजव्या. तुमचीच कृपा."

"आणि काजं?"

"तीही उलटी."

मास्तरांनी पाठीवरची एक सुरकुती तळव्यानं खाली नेली. "इतकी वर्षं हा कोट घालून बस चालवलीत. एक तरी उतारू म्हणाला का, की आज गाडीवर दुसराच कोणी बसलाय?"

ड्रायव्हरचे खांदे थोडे सैल झाले. ते मास्तरांना मागूनही दिसलं.

"कप्तानाचा कोट पलटलाय," मास्तर म्हणाले. "माणूस तोच आहे. मी गाढव आहे."

"गाढव नाही. शिंपी आहात," ड्रायव्हर म्हणाले. "गाढवाला निदान वाट कळते."

आत भांडी वाजायची थांबली.

"हात खाली सोडा," मास्तर समोर येत म्हणाले. उजवा हात खाली आला आणि कापू लागला. मास्तरांनी बाहीची कड दोन बोटांत धरली, हात स्थिर होईपर्यंत वाट पाहिली, आणि मग टाचणी लावली.

"एक सांगा," ड्रायव्हर थोड्या वेळानं म्हणाले. "त्या धुक्यात त्याला शिंपी कुठे भेटला?"

"होडीत लपून कंदील गेला असेल बरोबर. त्याला इतके हात आहेत, ते काही कामाला तर लावायला हवेत."

ड्रायव्हर हसले. घाईनं नाही, आधी हसू आलं का नाही ते तपासून, मग पुरतं.

रविवारी ते वेळेच्या आधी आले, कोट घालून. घरात उकाडा होता तरी त्यांनी तो काढला नाही. उजव्या कोपऱ्यात बसले, आणि मालिका सुरू होण्याआधी त्यांनी सोफ्याचा हात तळव्यानं हलकेच थोपटला. ते नेहमीच तसं करत असावेत. मास्तरांच्या नजरेला ते आज पडलं.

शेवटच्या भागात कप्तान पहिल्यांदा दिसला आणि मास्तर पुढे झुकले. कोटाचा खिसा डावीकडे. काजं डावीकडे. सगळं जागच्या जागी.

"अहो, म्हणजे परत पलटला?" बायकोनं विचारलं.

"एकदा पलटलेला पुन्हा पलटत नाहीत," मास्तर पुटपुटले. "कापडात जीव राहत नाही."

"मग?" ड्रायव्हरनी विचारलं.

भाग पुढे सरकला. नकली कप्तानाचा कोणी विषय काढला नाही. यानावर कधीच कोणाला शंका आली नव्हती. ना पोरीला, ना डॉक्टरला, ना सगळ्यात नाक खुपसणाऱ्या आजीबाईंना. नकली कप्तान होता तो फक्त या सोफ्यावर, डाव्या कोपऱ्यात.

"मग काही नाही," मास्तर शेवटी म्हणाले. "कपडे सांभाळणाऱ्यानं घोळ केला असणार. मधले दोन-चार भाग भलताच कोट चढवला त्याला."

"म्हणजे मुळात शिंप्याचीच चूक," ड्रायव्हर म्हणाले, आणि इतके हसू लागले की त्यांचा हात छातीवर गेला. बायकोनं नर्सच्या नजरेनं पाहिलं. काही नाही, असं त्यांनी हातानंच सांगितलं.

"काय झालं?" स्वयंपाकघरातून आवाज आला. "ताई, कोण गेलं?"

"कोणी गेलं नाही," ड्रायव्हर म्हणाले. "सगळे आहेत. तू बाहेर येऊन बस बघू."

ती आली, आणि ट्रे उचलून मास्तर नि ड्रायव्हर यांच्या मधे बसली. पडद्यावर यान बंदरात शिरत होतं. आजीबाई बंद पडल्या होत्या, कप्तान स्वतःच्या हातानं गाडी लावत होता, आणि हात कापत होता.

"सावकाश," ड्रायव्हर पुढे सरकले. "आरसा बघ. अरे, आरसा बघ."

त्यांचा उजवा हात नकळत पुढे आला होता, चाक धरावं तसा. मास्तरांनी एकदा तिकडे पाहिलं. बाही मनगटाच्या हाडावर बरोबर येऊन थांबली होती. मग तेही पडद्याकडे वळले.