घराखालचा गारवा

नाशिक रोडच्या फलाटावर नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, माझी ट्रंक डब्यात ढकलली आणि म्हणाले, "पोचल्यावर कळव." बस्स, एवढंच. थोडी रडारड झाली असती तर बरं वाटलं असतं. मागे राहिलेल्यांनो, तुम्हाला वाटतं आम्ही तिकडे स्थिरस्थावर झालो. माझ्यासारखे जे बाहेर पडले, त्यांना ठाऊक आहे ते किती खोटं आहे.

सत्तरचं दशक सरता सरता मी, कळवणची मुलगी, अलास्कात माती तपासायच्या लॅबमध्ये नोकरीला लागले. तिथली जमीन खाली बारमाही गोठलेली. म्हणून घरं खांबांवर आणि खाली मोकळी जागा, गार वारा खेळायला. घराची ऊब जमिनीला लागली की आतलं बर्फ वितळतं आणि घर खचतं.

एका उन्हाळ्यात नाना राहायला आले, ते सप्टेंबरपर्यंत राहिले. मी फील्डवरून परतले तर घराखालची जागा चहूबाजूंनी बंद! गावाकडे पावसाळ्याआधी घराच्या पायाला भर घालतात, तशी त्यांनी माती आणि वाळलेलं गवत ठासून भरलं होतं.

"लय वारा शिरत होता खालून," नाना खुशीत म्हणाले. "आता कसं पाय रोवून उभं हाय!"

सांगावं तर म्हाताऱ्याचं मन मोडतं, न सांगावं तर घर जातं. दोनेक दिवस मी नुसती खाली वाकून ती माती चाचपून यायचे. शेवटी कळवणच्या आमच्या गोबरगॅसचाच दाखला दिला.

"नाना, थंडीत शेण नीट कुजायचं नाही, म्हणून आपला गॅस कमी यायचा ना? इथल्या जमिनीत हजारो वर्षांचं गवत, मुळं गोठून पडलीत. घराची ऊब खाली कोंडली की जमीन वितळते, घर खचतं आणि ती कुजायला लागतात. त्यांचा गॅस वर जाऊन हवा आणखी तापवतो, मग आणखी जमीन वितळते."

"मंग ह्ये थांबायचं कुठं?"

"ते आम्हालाही कळत नाही."

"आन् मी तिला गोधडी पांघरली व्हय!"

त्यांनी लगेच फावडं उचललं. मला हात लावू दिला नाही. लेकीच्या घराखाली थंडी शिरावी म्हणून बाप घाम गाळत होता, आणि मला ते बघवत नव्हतं.

मैत्रिणींचे वडील पत्रात विचारतात, थंडी सोसते ना? नाना कळवणहून विचारतात, "यंदा थंडी नीट पडली ना?" इतकी वर्षं मी बिनधास्त "हो" लिहीत आले. माझं घर आता त्या एका "हो"वर उभं आहे. यंदा तो लिहायला हात धजावत नाही.