हाँगकाँगचे मिस्त्री आणि हसनचं लग्न

शुक्रवारी नमाज झाली, जेवण झालं, की आमची पाच-सहा म्हातारी मंडळी दुबईत करामाला एकाच्या घरी जमतात. कुणाचे गुडघे दुखत असतात, कुणाची साखर वाढलेली असते. पंधरा मिनिटं हा हेल्थ रिपोर्ट चालतो आणि मग कुणीतरी म्हणतं, "मास्तर, ते चिन्यांचं सांगा." शंभर वेळा ऐकलंय मेल्यांनी! पण किस्से हे लोणच्यासारखे असतात. बरणी उघडली की जेवण झालेला माणूससुद्धा बोट घालतो. बैठक माझ्याकडे असली तर नातूसुद्धा आतल्या खोलीतून ओरडतो, "नाना, द टी वन, प्लीज!"

तर मी मास्तर कसा झालो, इथूनच सुरुवात करतो.

साठचं दशक संपत आलं होतं. आज आम्ही बसतो ते करामा तेव्हा नुसती वाळू होती. दुबईत बंदराचं मोठं काम निघालं होतं आणि एका विलायती कंपनीच्या स्टोअरमध्ये मी टायपिस्ट होतो. मुक्काम पोस्ट दापोली तालुका, शिक्षण मॅट्रिक, इंग्रजी बरं. कंपनीने शटरिंगच्या, म्हणजे काँक्रीटचे लाकडी साचे ठोकायच्या, कामासाठी हाँगकाँगहून सुतार आणले होते. हात असे, की लाकूड त्यांना घाबरून सरळ व्हायचं! पण इंग्रजीच्या नावाने शंख.

एक दिवस आमचे साहेब, मिस्टर प्रेस्कॉट, क्रेनखाली उभ्या असलेल्या एका चिन्याला "मूव्ह! मूव्ह!" म्हणून ओरडले. त्याने हसून त्यांना सलाम केला. वर दोन टन लोखंड लटकत होतं! माणूस वाचला, पण साहेबांनी त्याच संध्याकाळी फर्मान काढलं. सगळ्यांनी इंग्रजी वाचायला आणि वाचलेलं समजायला शिकायचं. रमजानच्या आधी परीक्षा. नापास होईल तो पुढच्या बोटीने घरी.

"आणि शिकवणार कोण, सर?" मी विचारलं.

"यू," साहेब म्हणाले. "तू टायपिंग करताना माझ्या स्पेलिंगच्या चुका दुरुस्त करतोस. मला कळत नाही असं वाटलं का?"

* * *

वर्ग सुतारांच्या शेडमध्ये भरायचा, संध्याकाळी. पहिल्या दिवशी मी आत शिरलो तर सगळे ताडकन उभे! एका सुरात, "गुड इव्हनिंग, आ-सर!" तिकडे हाँगकाँगला मास्तरांना आ-सर म्हणतात म्हणे. मी म्हटलं, बसा. कुणी बसेना. पुन्हा म्हटलं, सिट डाउन. सगळे नुसते हसतात.

शेवटी मीच दमून एका खोक्यावर टेकलो, तर सगळे बसले! मग लक्षात आलं. गुरू उभा असताना शिष्याने बसायचं नाही. आता फळ्यावर लिहायचं तर मला उठणं भाग. मी उठलो की ते उठायचे, मी बसलो की ते बसायचे. त्या दिवशी धडा कमी आणि उठाबशाच जास्त झाल्या.

दुसऱ्या दिवशी पाहतो तर फळ्यासमोर एक उंच खुर्ची. पाय टेकायला फळी, हाताला आधार, बसल्या बसल्या फळ्याच्या वरच्या कोपऱ्यापर्यंत हात पोचेल असं माप. रात्रीत बनवली होती लाउ मिस्त्रींनी. तो सगळा उन्हाळा मी शेतातल्या माळ्यावर पाखरं हाकायला बसल्यासारखा वर बसून इंग्रजी शिकवलं.

हे लाउ मिस्त्री म्हणजे सगळ्यांत वडील. पन्नाशी उलटलेली, हाडकुळे, बोलणं अगदी मोजकं. बाकीचे त्यांच्या आधी घास घ्यायचे नाहीत. त्यांची मुलगी हाँगकाँगला नर्सिंग शिकत होती. अजून दोन वर्षं बापाची नोकरी टिकली तर ती नर्स होणार, नाहीतर शिक्षण सोडून कारखान्यात बटणं लावायला बसणार. हे मला चॅनने सांगितलं. चॅन म्हणजे वर्गातला पोपट. चारच शब्द यायचे, पण चाळीस वेळा बोलायचा. त्या दिवसापासून माझा जीव टांगणीला लागला. बाकी सगळे कसेबसे पास होतील असं वाटत होतं. लाउ मिस्त्रींचंच काय करायचं ते मला कळत नव्हतं.

* * *

कारण ते कळत नाही असं कधी म्हणायचेच नाहीत. कुणीच म्हणायचं नाही!

"अंडरस्टँड?"

"येस, आ-सर!"

सगळ्या वर्गाचा एकच आवाज. मी आठ दिवस खूश होतो. खोलीवर येऊन दाऊदभाईंना सांगायचो, "काय हुशार लोक आहेत हो!" दाऊदभाई म्हणजे माझे रूम-पार्टनर. दाभोळचे. स्टोअरकीपर. संशयी माणूस. ते म्हणाले, "हबीबी, एकदा तपासून बघ."

म्हणून मी दुसऱ्या दिवशी फळ्याकडे तोंड करून, गंभीर आवाजात, शुद्ध मराठीत सुरू केलं. "एकोणतीस एके एकोणतीस! एकोणतीस दुणे अठ्ठावन्न! एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी!" आणि वळून विचारलं, "अंडरस्टँड?"

"येस, आ-सर!"

चॅनने तर दोन ओळी उतरवूनही घेतल्या होत्या!

मी कपाळावर हात मारला. मग वर्गातला वोंग नावाचा खानसामा, जो कॅम्पचं जेवण बनवायचा, त्याने मला बाजूला घेऊन समजावलं. आम्हाला कळलं नाही असं म्हणणं म्हणजे मास्तरांना शिकवता येत नाही म्हणणं. असा अपमान कोण करेल?

"मग मला कळायचं कसं?"

वोंग म्हणाला, "आ-सर, यू लुक टी."

आणि मी पाहू लागलो. शेडमध्ये एक मोठी किटली कायम गरम असायची. धडा डोक्यावरून गेला, की लाउ मिस्त्री शांतपणे उठायचे, दोन्ही हातांनी पेला धरून माझ्यापुढे चहा ठेवायचे. गुरूची सेवाही झाली आणि गुरूला थांबवलंही! इतके दिवस मी समजत होतो, की माणूस प्रेमळ आहे. म्हणजे प्रेमळ होतेच. पण पास्ट परफेक्टच्या दिवशी मी एकटा अख्खी किटली प्यायलो होतो, त्याचा अर्थ मला वोंगमुळे लागला.

* * *

कंपनीने आम्हाला एक पुस्तक दिलं होतं. त्यात मिस्टर ब्राउन नावाचे एक गृहस्थ होते. बर्फ पडायचा, ते शेकोटीजवळ बसायचे, त्यांचा कुत्रा गादीवर झोपायचा. खाली प्रश्न : मिस्टर ब्राउन आनंदी का आहेत?

बाहेर वाळू तापलेली, पंखा बंद पडलेला. कुणाला पडलंय ब्राउनच्या आनंदाचं! चॅनने मात्र प्रामाणिक उत्तर दिलं. "ही नो वर्क."

मी पुस्तक मिटलं. म्हटलं, खलास! आपणच लिहू. ऑफिसच्या टाइपरायटरवर मी एक उतारा टाइप केला. हसन हा हर्णैचा तरुण आहे. त्याला खदीजाशी लग्न करायचं आहे. तो तिच्या घरासमोरून तीन वेळा जातो, पण तिच्या वडिलांशी बोलत नाही. प्रश्न पहिला : हसन वडिलांशी का बोलत नाही?

आणि काय सांगू! जो वर्ग मिठाची गुळणी धरून बसायचा, त्यात एकदम दहा हात वर!

वोंग म्हणाला, "बिकॉज हसन नो ब्रिंग रोस्ट पिग."

"तौबा, तौबा!" मी खुर्चीवरून पडता पडता वाचलो. त्यांच्याकडे लग्न ठरलं की वराकडून भाजलेलं अख्खं डुक्कर जातं म्हणे. त्याशिवाय मुलीचा बाप दारात उभं करत नाही. मी म्हटलं, वोंग, हसन मुसलमान आहे, खदीजा मुसलमान आहे, आणि मुख्य म्हणजे तुझा मास्तर मुसलमान आहे!

वोंगने फार विचार केला. मग मोठ्या मनाने म्हणाला, "ओके. फिश. बट बिग फिश."

हर्णै म्हणजे मासळीचं बंदर. तिथल्या नवरदेवाला याहून चांगला सल्ला मिळाला नसता.

तेव्हापासून दर आठवड्याला हसनचा नवा उतारा. खदीजाचे वडील नकार देतात. हसन बोटीवर नोकरी धरतो. हसनची आई आजारी पडते. चॅनचं म्हणणं, पळून जा. वोंगचं म्हणणं, आईला सूप पाठवा. भांडणं व्हायची, आणि तीही इंग्रजीत! मी वरून रेफ्रीसारखा बघत बसायचो. एवढं इंग्रजी माझ्या शिकवण्याने आयुष्यात आलं नसतं.

फक्त लाउ मिस्त्री गप्प. उतारा वाचायचे, पुन्हा वाचायचे, घडी घालून खिशात ठेवायचे. चहा मात्र आणत नव्हते. मला कळेना, की समजतंय म्हणून आणत नाहीत, की आशा सोडली म्हणून!

* * *

परीक्षेच्या थोडं आधी एका संध्याकाळी लाउ मिस्त्री आणि चॅन आमच्या खोलीवर आले. दोघांच्या मध्ये सागवानी पेटी. झाकणावर कोरलेली दोन पाखरं, पितळी कडी, आतून चंदनासारखा वास. लाउ मिस्त्रींनी दोन्ही हातांनी ती माझ्याकडे सरकवली आणि म्हणाले, "फॉर हसन. मॅरेज."

एवढं बोलून गेलेसुद्धा.

दाऊदभाई पेटीभोवती एक चक्कर मारून आले. "कुणाची रे?"

"हसनची."

"कोण हसन?"

"असा कुणी नाहीये, दाऊदभाई."

त्यांनी झाकण उघडून आत डोकावलं. मग हळूच म्हणाले, "मग तो येईपर्यंत माझे इस्त्रीचे कपडे ठेवू का?"

मी त्यांच्या अंगावर ओरडलो. दिवसभर साच्याच्या फळ्या ठोकून आलेल्या माणसाने संध्याकाळी बसून पाखरं कोरली होती. मला भरून आलं होतं आणि यांना इस्त्रीचं सुचत होतं!

* * *

आणि मग परीक्षा.

साहेब स्वतः शेडमध्ये आले. एकेकाला समोर बसवून उतारा वाचायला द्यायचा आणि तोंडी प्रश्न विचारायचे. मला कोपऱ्यात उभं केलेलं. उतारा अर्थात मिस्टर ब्राउनचा. ब्राउनची गाडी चुकली होती. चॅन पास झाला, साहेबांना बोलू न देताच. वोंग पास झाला. बाकीचेही हळूहळू सुटले. शेवटी लाउ मिस्त्री.

त्यांनी उतारा वाचला. साहेबांनी विचारलं, "व्हाय इज मिस्टर ब्राउन सॅड?"

लाउ मिस्त्री उठले आणि साहेबांपुढे चहा ठेवला.

"हाउ काइंड!" साहेब खूश. एक घोट घेऊन त्यांनी दुसरा प्रश्न विचारला. लाउ मिस्त्रींनी पेला पुन्हा भरला. साहेबांना वाटलं, काय अदब आहे माणसाला! त्या चहाचा अर्थ मला ठाऊक होता.

तिसऱ्या प्रश्नाला साहेबांनी पेल्यावर हात ठेवला. वाट पाहिली. मग पेन उघडलं. "आय ॲम सॉरी. कारागीर म्हणून याच्यासारखा कुणी नाही. पण नियम म्हणजे नियम."

मला हाँगकाँगची ती मुलगी दिसायला लागली, बटणं लावत बसलेली. मी कोपरा सोडून पुढे आलो. "सर, एक प्रश्न मी विचारू? माझा उतारा आहे. त्यांच्या खिशातच आहे."

साहेबांनी खांदे उडवले.

"मिस्टर लाउ," मी म्हटलं. "व्हाय डिड खदीजाज फादर से नो?"

लाउ मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. खिशातला कागद काढला नाही. आणि बोलायला लागले! हसन गुड बॉय. हसन नो हाउस. हसन गो शिप, मदर सिक, हसन नो कम बॅक. एकेक शब्द रंधा मारल्यासारखा सावकाश, पण थांबेनात. साहेबांनी पेन खाली ठेवलं.

"फादर नॉट बॅड," लाउ मिस्त्री म्हणाले. "फादर अफ्रेड. डॉटर गो फार. रेन कम. हू लुक रूफ?"

खदीजाचा बाप घाबरलाय, असं मी कुठेच लिहिलं नव्हतं. मला तो नुसता खडूस म्हातारा वाटत होता.

साहेबांनी मला विचारलं, "हे उताऱ्यात आहे?"

माझ्या आधी लाउ मिस्त्रींनीच उत्तर दिलं. "आ-सर नो राइट. बट आय रीड."

साहेबांनी निकालाचा कागद ओढला, पास लिहिलं, सही ठोकली. टोपी उचलली. दारापर्यंत गेले. तिथून परत आले आणि लाउ मिस्त्रींच्या समोर बाकावर बसले.

"सो? डझ ही गेट द गर्ल?"

लाउ मिस्त्रींनी माझ्याकडे बोट दाखवलं. "आ-सर नो फिनिश."

साहेब माझ्याकडे वळले. सिमेंटची बोट लेट झाली की ज्या आवाजात स्टोअरला झापायचे, त्याच आवाजात म्हणाले,

"व्हॉट आर यू स्टँडिंग हिअर फॉर, मॅन? गो अँड टाइप!"